लेप आणि पट्टी : पायांवरच्या फुगलेल्या शिरांची जुनी कहाणी

पायांवरच्या फुगलेल्या, निळसर, वेड्यावाकड्या शिरा हा आपल्याकडे चारचौघांत बोलण्याचा विषय नाही. साडीने त्या झाकल्या, सलवारीने झाकल्या, आणि इकडे अमेरिकेत आल्यावर पँटने झाकल्या. ‘व्हेरिकोज व्हेन्स’ हे इंग्रजी नाव आता सर्वांना ठाऊक आहे. पाठ्यपुस्तकी मराठीत त्यांना ‘अपस्फीत नीला’ म्हणतात, पण घरात तसे कुणी म्हणत नाही. ‘पाय भरून येतात’, ‘पोटऱ्या ठणकतात’, ‘शिरा वर आल्यात’ एवढेच म्हटले जाते. मग कपाटातून कसली तरी बाटली किंवा ट्यूब निघते. कधी ती भारतातून सामानात आलेली असते, कधी इथल्या औषधांच्या दुकानातली. वर एखाद्या पानाचे किंवा फळाचे चित्र असते. चोळले की बरे वाटते, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाय पुन्हा जडच.

आपल्यापैकी अनेक जण दिवसभर उभे राहणारे आहेत. कुणी परिचारिका आहेत, कुणी शिक्षक, कुणी दुकान चालवतात, कुणी प्रयोगशाळेत काम करतात. सहा महिन्यांसाठी येणारे आई-बाबा वीस तासांचा प्रवास करून सुजलेल्या पायांनी विमानतळावर उतरतात. त्यामुळे या बाटल्यांचा इतिहास तपासणे ही नुसती हौस नव्हे. तो इतिहास मोठा रंजक आहे, आणि शेवटी उपयोगाचाही आहे.

उभ्या माणसाचा आजार

आधी दुखणे काय ते थोडक्यात पाहू. पायातले रक्त हृदयाकडे परत जाताना त्याला चढ चढावा लागतो. या कामी पोटरीचे स्नायू पंपासारखे दाब देतात, आणि शिरांमधल्या बारीक झडपा रक्ताला खाली घसरू देत नाहीत. इटलीतल्या पादुआ येथील शरीररचनाशास्त्रज्ञ फाब्रिसियस याने १६०३ साली या झडपांवर स्वतंत्र पुस्तक छापले. त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला, त्यात या झडपांचा पुरावा फार महत्त्वाचा होता.

माणूस स्तब्ध उभा असला की घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत असतो. चालू लागला की निरोगी पायात तो ३०च्या आसपास उतरतो. झडपा नीट मिटेनाशा झाल्या की चालूनही तो उतरत नाही. मग शिरा ताणल्या जातात, वाकड्या होतात, घोट्याशी सूज राहते, कातडी काळवंडते आणि शेवटी जखम होते. ही जखम महिनोन्‌महिने भरत नाही. म्हणजे वर दिसते ती शीर, पण बिघाड आतल्या झडपेचा.

हा फक्त बायकांचा आजार हाही एक समज आहे. एडिंबरा शहरात केलेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १८ ते ६४ वयाच्या पुरुषांत मुख्य शिरा फुगलेल्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्के, तर स्त्रियांत ३२ टक्के आढळले. बायका दाखवायला जातात, पुरुष जात नाहीत, असाही त्याचा एक अर्थ होऊ शकतो.

आजार मात्र पुरातन. इजिप्तमधल्या सुमारे इसवी सनापूर्वी १५५० च्या ‘एबर्स पपायरस’ या वैद्यकीय लेखात पायावरच्या नागमोडी, गाठाळ फुगवट्यांचे वर्णन सापडते. त्यांना शस्त्र लावू नये, असा इशाराही तिथे आहे. अथेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातले एक शिल्प आहे. आमिनोस नावाच्या आरोग्यदात्या वीराच्या स्थानी वाहिलेले. त्यात एक माणूस स्वतःहून मोठा असा दगडी पाय दोन्ही हातांनी धरून उभा आहे, आणि त्या पायावर आतल्या बाजूने एक जाड शीर स्पष्ट कोरलेली आहे. आपल्याकडे नवस फेडताना देवाला चांदीचे डोळे किंवा पाय वाहतात, त्याच जातीची ही गोष्ट.

रोमन सेनानी मारियस याची कथा प्लूटार्कने सांगितली आहे. त्याच्या दोन्ही पायांवर अशा शिरा होत्या. बांधून न घेता, तोंडातून आवाज न काढता त्याने एक पाय कापू दिला. वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला तेव्हा त्याने नकार दिला. एवढ्या वेदनेच्या मानाने हा गुण पुरेसा नाही, असे त्याचे म्हणणे होते. भूल नव्हती, जंतुनाशके नव्हती. पहिल्या शतकात सेल्ससने डागण्याचे आणि शीर कापून काढण्याचे उपाय लिहून ठेवले आहेत. ते वाचले की लोक लेपाकडे का वळले, हे वेगळे सांगावे लागत नाही.

सुश्रुताचा एक अध्याय

आपल्या ग्रंथांत या आजाराच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द ‘सिराग्रंथी’. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथींच्या प्रकारांमध्ये तो येतो. अशक्त माणसाने अतिश्रम केले की वायू शिरांना आखडवतो, सुकवतो आणि उंच, गोल गाठ निर्माण करतो, असे त्याचे वर्णन आहे. आजच्या व्हेरिकोज व्हेन्सशी ते हुबेहूब जुळते असे नाही. आजचे वैद्य मात्र या आजाराचा विचार करताना तिथूनच सुरुवात करतात.

सातव्या शतकाच्या सुमारास वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’च्या उत्तरस्थानात याच सिराग्रंथीवर उपाय सांगितला. त्यात साहचर तेल येते. सहचर म्हणजे आपली कोरांटी! अबोलीच्या कुळातले, कुंपणाला लावतात ते काटेरी झुडूप. केरळात ‘सहचरादी तैल’ आजही पायांच्या शिरांसाठी वापरतात, आणि त्याच्या बाटल्या इथल्या भारतीय दुकानांतही मिळतात.

पण वाग्भटाचे म्हणणे नीट पाहिले तर तीन गोष्टी लक्षात येतात. एक, हा उपाय त्याने सिराग्रंथी नवी असताना सांगितला आहे. जुनाट झाल्यावर तोच लागू पडेल, असे तो म्हणत नाही. दोन, ते तेल त्याने प्यायला सांगितले आहे, नुसते चोळायला नव्हे. तीन, त्याच्या जोडीला बस्ती आहे, शिरेतून रक्त काढणे आहे आणि ‘उपनाह’ आहे. उपनाह म्हणजे वातशामक द्रव्यांचा ऊन लेप लावून वरून घट्ट बांधणे. आपण पोटीस बांधतो तसे. चौदाशे वर्षांत त्या उपचारातले पिणे मागे पडले, बांधणे मागे पडले, ‘नवी असताना’ हे शब्दही गळाले. उरले ते चोळणे.

सुश्रुताकडे याहून बोलकी गोष्ट आहे. सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायाचे नावच ‘व्रणालेपनबंधविधी’. जखमेवर लेप कसा लावावा आणि पट्टी कशी बांधावी, हे त्याने एकाच अध्यायात घेतले. लेपाचे तीन प्रकार सांगितले. लेप लवेच्या उलट दिशेने लावावा, म्हणजे तो रोमरंध्रांतून आत जातो, आणि वाळलेला लेप तसाच अंगावर ठेवू नये, असे बारकावे दिले. त्याच अध्यायात पट्टी बांधण्याचे चौदा प्रकार दिले, कुठल्या अवयवाला कुठला बंध, किती घट्ट, किती सैल, यासकट. लेप आणि बंध या त्याच्या मते जोडीच्या गोष्टी होत्या. त्यांची ताटातूट पुढे बाजारात झाली.

न्यू इंग्लंडचे झुडूप

ती ताटातूट पाहायची तर आपल्याला फार लांब जायला नको. इथे न्यू इंग्लंडमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पानगळ होऊन रान उघडे पडते तेव्हा, एका झुडपाला पिवळ्या रिबिनींच्या चिंध्यांसारखी फुले येतात. हे ‘विच हेझल’, शास्त्रीय नाव हॅमामेलिस व्हर्जिनियाना. सारे रान झोपी जाताना फुलणारे झुडूप लोकांच्या नजरेत भरल्याशिवाय कसे राहील? मोहेगन, ओनायडा आणि इतर मूळ अमेरिकन जमाती त्याच्या फांद्या आणि साल उकळून सुजेवर, मुक्या मारावर, दुखऱ्या स्नायूंवर लावत. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी हे त्यांच्याकडून उचलले.

१८४६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावी थेरन पाँड याने विच हेझलचा अर्क बाटलीत भरून विकायला काढला. ओनायडा जमातीतल्या एका वैद्याकडून त्याला ही विद्या मिळाली, अशी या कंपनीची परंपरागत कथा आहे. अर्काचे पहिले नाव ‘गोल्डन ट्रेझर’. नंतर तो ‘पाँड्स एक्स्ट्रॅक्ट’ या नावाने देशभर पोचला. १८६६ मध्ये कनेक्टिकटातल्या एसेक्स येथे थॉमस डिकिन्सनने हाच धंदा मोठ्या प्रमाणावर सुरू केला, आणि कनेक्टिकट हे विच हेझलचे जगातले मुख्य केंद्र बनले. हिवाळ्यात फांद्या तोडायच्या, त्यांचा चुरा करायचा, वाफेने अर्क काढायचा आणि तो टिकावा म्हणून १४ टक्के अल्कोहोल घालायचे, ही पद्धत आजही फारशी बदललेली नाही.

होय, हे पाँड्स म्हणजे तेच! आपल्या आई-मावश्यांच्या आरशापुढे ज्याची क्रीमची बाटली आणि पावडरचा डबा असे, ते नाव मुळात विच हेझलच्या औषधी अर्काचे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कंपनीने जाहिरातींचा भर अर्कावरून चेहऱ्याच्या क्रीमवर नेला, आणि औषधाची ओळख पुसून सौंदर्याची राहिली. मुंबई-पुण्यात ती डबी विकत घेणाऱ्यांना तिच्या मागे अमेरिकेतल्या ओनायडांचे झुडूप असेल याची कल्पना असायचे कारण नव्हते.

शिरांचा आणि विच हेझलचा संबंध एकोणिसाव्या शतकात पक्का झाला. अमेरिकन होमिओपॅथीचे प्रवर्तक कॉन्स्टंटाइन हेरिंग यांनी पाँडच्या अर्कात रस घेतला आणि ‘हॅमामेलिस’ हे होमिओपॅथीच्या औषधसंग्रहात दाखल झाले. वनस्पतींवर भर देणारे त्या काळचे इतर अमेरिकन डॉक्टरही मूळव्याध आणि पायांच्या शिरा या दोन्हींसाठी ते देत. महाराष्ट्रात होमिओपॅथीचा प्रसार किती आहे हे आपण जाणतोच. त्यामुळे हॅमामेलिस हे नाव आपल्याकडच्या कित्येक घरांत याच दुखण्याबरोबर घेतले जाते.

या झुडपाच्या अंगी खरोखर गुण आहे का? आहे. त्याच्या सालीत आणि पानांत टॅनिन असते. टॅनिन तुरट असते, ते कातडी आवळते, खाज आणि झिरपणे कमी करते. उकळलेल्या काढ्यात ते भरपूर उतरते. पण वाफेने काढलेल्या अर्कात टॅनिन जवळजवळ येतच नाही. म्हणजे मूळ रहिवाशांनी वापरला तो काढा आणि बाटलीत आला तो अर्क, या दोन वेगळ्या वस्तू. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने विच हेझलला कातडीच्या किरकोळ तक्रारींसाठी आणि मूळव्याधीच्या बाहेरच्या त्रासासाठी तुरट द्रव्य म्हणून मान्यता दिली आहे. पायांच्या फुगलेल्या शिरा त्या मान्यतेत येत नाहीत.

हिंदुस्थानच्या नावाचे परके झाड

दुसरे झाड आहे हॉर्स चेस्टनट. बॉस्टनच्या परिसरात ते रस्तोरस्ती दिसते. केंब्रिजच्या ब्रॅटल स्ट्रीटवर ज्या झाडाखाली लोहाराचे दुकान होते आणि ज्यावरून लाँगफेलोला कविता सुचली, ते झाड हेच. १८७६ मध्ये ते तोडले गेले, आणि त्याच्या लाकडाची खुर्ची करून गावातल्या मुलांनी १८७९ साली कवीला भेट दिली.

या झाडाची नावे मोठी गमतीची आहेत. १५५७ साली कॉन्स्टँटिनोपलहून क्वाकेलबेन नावाच्या एका फ्लेमिश वैद्याने इटलीच्या माटिओली या प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञाला कळवले की, तुर्की लोक दम लागलेल्या घोड्यांना या झाडाची फळे चारतात. त्यावरून ‘घोड्याचे चेस्टनट’ हे नाव पडले. १५७६ मध्ये क्लुसियसने व्हिएन्नात त्याचे बी रुजवले. ते पूर्वेकडून आले, तेव्हा हिंदुस्थानातूनच आले असणार, अशी फ्रेंचांची समजूत झाली. म्हणून फ्रेंच भाषेत त्याचे नाव आजही ‘हिंदुस्थानचे चेस्टनट’ असेच आहे, आणि स्पॅनिशमध्येही त्याला इंडीजच जोडलेले आहे. प्रत्यक्षात त्याचे मूळ गाव ग्रीस आणि आसपासच्या बाल्कन डोंगरांत आहे, हे एकोणिसाव्या शतकात सिद्ध झाले. आपल्या हिमालयात त्याचा एक खराखुरा भाऊबंद आहे, त्याला बनखोर म्हणतात. पण औषधाच्या बाजारात नाव झाले ते परक्या भावाचे, आणि तेही आपल्या देशाच्या नावावर!

विसाव्या शतकात युरोपात, विशेषतः जर्मनीत, या झाडाच्या बियांवर खूप काम झाले. बियांतले गुणकारी द्रव्य ‘एस्सिन’ हे आहे, असे १९६०च्या सुमारास लोरेंझ आणि मारेक या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपणे एस्सिनने कमी होते, आणि सूज उतरते. १९९६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक महत्त्वाची चाचणी प्रसिद्ध झाली. २४० रुग्ण आणि १२ आठवडे. बियांचा अर्क घेणाऱ्यांच्या पायाचे आकारमान सरासरी ४३.८ मिलिलिटरने कमी झाले, दाबाचे मोजे घालणाऱ्यांचे ४६.७ मिलिलिटरने कमी झाले, आणि नुसती बनावट गोळी घेणाऱ्यांचे ९.८ मिलिलिटरने वाढले. २०१२ सालच्या कॉक्रेन आढाव्यात अशा १७ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. थोड्या काळासाठी हा उपाय परिणामकारक आणि सुरक्षित दिसतो, पण आणखी मोठ्या चाचण्या हव्यात, असा त्याचा निष्कर्ष होता.

वनौषधींना नावे ठेवणाऱ्यांनी हे आकडे जरूर वाचावेत. पण वनौषधींवर विश्वास ठेवणाऱ्यांनी त्यातली एक गोष्ट नजरेआड करू नये. हे सारे आकडे पोटात घेतलेल्या अर्काचे आहेत, मलमाचे नाहीत. मलमाबाबत पुरावा आहे तो मुख्यतः मुक्या मारावर. मार लागलेल्या जागी एस्सिनचे जेल लावले तर दुखणे कमी होते, असे १९९३ च्या एका चाचणीत आढळले. युरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी समितीनेही हाच भेद पाळला. पोटात घेण्याच्या अर्काला तिने चाचण्यांच्या पुराव्यावर मान्यता दिली, आणि कातडीवर लावण्याच्या औषधांना पाय जड वाटण्यासारख्या किरकोळ त्रासासाठी, निव्वळ दीर्घकाळच्या वापराच्या आधारावर. ट्यूबवर ‘शास्त्रीय चाचण्यांनी सिद्ध’ असे छापलेले असते तेव्हा तो पुरावा गोळीचा असतो आणि विक्री मलमाची.

आपल्या मंडूकपर्णीचेही तेच झाले. महाराष्ट्रात तिलाच पुष्कळ ठिकाणी ब्राह्मी म्हणतात. फ्रेंचांनी मादागास्करमध्ये कुष्ठरोगाच्या जखमांसाठी तिचा अभ्यास केला, आणि १९४१ साली तिच्यातून ‘एशियाटिकोसाइड’ हे द्रव्य वेगळे काढले गेले. जखम भरण्यासाठी तिचे मलम युरोपात गाजले. पुढे शिरांच्या विकारावर चाचण्या झाल्या. १९८७ साली फ्रान्समधून ९४ रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली, आणि पायांचा जडपणा व सूज यांत सुधारणा दिसली. औषध तिथेही पोटातूनच दिले होते. वाग्भटाचे ‘प्यावे’ हे सांगणे अशा रीतीने दोन निराळ्या खंडांतल्या दोन वनस्पतींच्या बाबतीत पुन्हा समोर आले.

म्हणून उद्यापासून कुणी बिया उकळून पिऊ नयेत! हॉर्स चेस्टनटच्या कच्च्या बिया विषारी असतात. चाचण्यांत वापरतात तो विषारी भाग काढून मोजून तयार केलेला अर्क असतो. शिवाय रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोही घेऊ नये.

पट्टीची बाजू

लेपाच्या मागे-मागे पट्टीचाही एक इतिहास आहे. त्याला फुलापानांचे चित्र नाही, सुगंध नाही, म्हणून तो कुणी सांगत नाही.

हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांत, पायावर जखम असलेल्या माणसाने उभे राहणे बरे नव्हे, असे सांगून पट्टी बांधण्याचा सल्ला आहे. १६७६ साली इंग्लंडच्या राजाचे शल्यवैद्य रिचर्ड वाइजमन यांनी अशा जखमांचा फुगलेल्या शिरांशी संबंध जोडून दाखवला, आणि नाडीने आवळायचा चामड्याचा मोजा वापरला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हँबुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल उन्ना यांनी झिंक ऑक्साइड, जिलेटिन आणि ग्लिसरीन यांचा लेप पट्टीला फासून ती पट्टी पायाभोवती गुंडाळली. ‘उन्नाज बूट’ या नावाने ती आजही इथल्या दवाखान्यांत वापरतात. सुश्रुताच्या त्या एका अध्यायातली जोडी पुन्हा जमली ती अशी. आपला उपनाहच म्हणा ना!

शेवटचे पाऊल टाकले ते एका परदेशातून आलेल्या माणसाने. जर्मनीहून अमेरिकेत स्थायिक झालेले अभियंते कॉनराड जॉब्स्ट स्वतः शिरांच्या विकाराने आणि पायावरच्या जखमांनी बेजार होते. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की त्यांच्या पायांना आराम पडे. अभियंता असल्याने त्यांनी कारण शोधले. पाण्याचा दाब खाली जास्त आणि वर कमी असतो. तसाच घोट्याशी जास्त आणि वर कमी होत जाणारा दाब देणारा मोजा त्यांनी तयार केला आणि ओहायोतल्या टोलीडो येथे १९५०च्या सुमारास तो बाजारात आणला. आज मिळणारे दाबाचे मोजे त्याचीच सुधारलेली रूपे आहेत.

पट्टीचा गुण आकड्यांतही दिसतो, आणि तिची मर्यादाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत ५०० रुग्णांपैकी काहींना नुसती पट्टी आणि काहींना पट्टीबरोबर शस्त्रक्रिया दिली. २४ आठवड्यांत दोन्ही गटांत ६५ टक्के जखमा भरल्या. पण वर्षभरात जखम पुन्हा होण्याचे प्रमाण नुसत्या पट्टीच्या गटात २८ टक्के, तर शस्त्रक्रियेच्या गटात १२ टक्के होते. २०१८ च्या दुसऱ्या एका चाचणीत बिघडलेली शीर आतून बंद करण्याचा उपचार लवकर केला तेव्हा जखम भरायला मध्यम हिशेबाने ५६ दिवस लागले, उशिरा केला तेव्हा ८२. आता हे काम लेझरने किंवा उष्णतेने, जागच्या जागी भूल देऊन होते, आणि रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो. मारियसला नकार द्यावा लागला, तशी वेळ आज येत नाही.

मग त्या बाटलीचे काय करायचे?

ती फेकून द्या, असे मी म्हणणार नाही. कोरडी पडलेली कातडी तेलाने मऊ राहते, तुरट अर्काने खाज शमते. हलक्या हाताने चोळताना पाय वर ठेवले जातात, आणि सासूबाईंच्या पायांना सुनेचा किंवा नातवाचा हात लागतो, हेही औषधच. फक्त त्या तेलाकडून झडप दुरुस्त होण्याची अपेक्षा करू नये, आणि त्याच्या भरवशावर वर्षे घालवू नयेत.

काही गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. एकच पाय अचानक सुजला, गरम लागला, दुखू लागला, विशेषतः लांबच्या विमानप्रवासानंतर, तर तो पाय अजिबात चोळू नये. आत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. अशा वेळी दम लागला किंवा छातीत दुखले तर थेट रुग्णवाहिका बोलवावी. फुगलेली शीर फुटून रक्त येऊ लागले तर आडवे व्हावे, पाय उंच करावा, स्वच्छ कापडाने दाबून धरावे आणि मदत मागवावी. घोट्याजवळची कातडी काळवंडली किंवा तिथे जखम झाली तर त्यावर कुठलेही मलम, देशी असो की विलायती, मनाने लावू नये. अशा कातडीला मलमातल्या सुगंधी आणि इतर द्रव्यांची ॲलर्जी चटकन होते, आणि जखम चिघळते. आणि आपल्या मंडळींसाठी खास : मधुमेह असेल किंवा पायातल्या रोहिण्या अरुंद झालेल्या असतील, तर दाबाचे मोजेसुद्धा तपासणीशिवाय घालू नयेत. आधीच कमी असलेला रक्तपुरवठा त्यांनी आणखी कमी होतो.

आपल्या आधीच्या पिढ्यांनी पायाला लेप लावला तो अडाणीपणाने नव्हे. त्यांच्यापुढे एका बाजूला डागणी आणि सुरी होती, दुसऱ्या बाजूला कुंपणावरची कोरांटी. शिवाय त्यांनी लेप लावून वरून बांधलेही होते. आपल्यापुढे त्यांच्यापेक्षा पुष्कळ जास्त वाटा आहेत. परंपरा पाळायचीच असेल तर ती पूर्ण पाळावी. दुखणे नवे असतानाच दाखवावे, वैद्याने सांगितले तर पोटातून घ्यावे, आणि पाय बांधावा.

आणि रोज चालावे. पोटरीचा पंप हलवण्याचा त्याहून सोपा उपाय अजून कुणी बाटलीत भरलेला नाही. ऑक्टोबरअखेर एखाद्या रविवारी रानातल्या पायवाटेने गेलात तर निष्पर्ण झाडांमध्ये पिवळ्या चिंध्यांची ती फुले बहुधा दिसतील. ती पाहायला तासभर चाललात, तर विच हेझलचा पायांना नक्कीच गुण येईल.